पदार्थाचं कूळ

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागात पावसाळ्यात जो घेवडा होतो, त्याच्या दाण्यावर तांबूस पट्टे असतात, म्हणून तो वाघ्या घेवडा. शिवारात तो पीक असतो, अडतीवर माल असतो, घरच्या डब्यात कडधान्य असतो. रात्री भिजवून, सकाळी शिजवून, कांदा-लसणाची चटणी घालून त्याची आमटी झाली की मगच तो पदार्थ होतो. मराठीत पदार्थ व्हायला चूल लागते. हा शब्द मात्र चुलीपाशी जन्मलेला नाही. पद म्हणजे शब्द, आणि पदाचा अर्थ तो पदार्थ. वैयाकरणांच्या वादात तो वाढला, कणादाच्या दर्शनात त्यानं सगळ्या विश्वाची वर्गवारी केली आणि मग कधीतरी आपल्याकडे वाटीत येऊन बसला. अशा प्रवासाला घसरण म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. शब्द आणि वस्तू यांच्यातलं जे नातं या शब्दात मुळात बांधलेलं होतं, ते वाटीतल्या पदार्थानं शाबूत ठेवलं आहे. तुटलं असेल तर ते शाळेच्या पुस्तकात.

मुळापासून बघू. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पतंजलीच्या महाभाष्यात प्रश्न उभा राहतो की 'गाय' या शब्दाचा अर्थ, म्हणजे पदार्थ, नेमका कोणता: समोरची एक गाय, की सगळ्या गायींत सारखं असणारं काही? पतंजलीच्या आधीचे दोन आचार्य यावर दोन टोकांना होते. व्याडी म्हणे शब्द द्रव्य सांगतो, वाजप्यायन म्हणे आकृती सांगतो. वाद पोथीतला वाटतो, पण घेवड्याला लावला की त्याची धार कळते. 'घेवडा आण' यातला घेवडा म्हणजे दुकानातलं हे एकच पोतं असेल, तर पुढच्या हंगामातल्या पोत्याला नवा शब्द घडवावा लागेल. आणि घेवडेपण हा अर्थ असेल, तर घेवडेपण पिशवीत भरून कोण आणणार? पतंजलीनं दोन्ही बाजू मान्य केल्या. बोलणाऱ्याला काय सांगायचं आहे त्यावर कोण पुढे आणि कोण मागे ते ठरतं, असा त्याचा कल आहे. न्यायसूत्रांनी त्यात भर घालून व्यक्ती, आकृती आणि जाती या तिघींनाच पदार्थ ठरवलं. इथवर पदार्थ हा भाषेच्या शास्त्रातलाच शब्द आहे. त्याचा अर्थ 'शब्दाचा अर्थ', त्यापलीकडे काही नाही.

उडी मारली ती कणादाच्या परंपरेनं, वैशेषिकांनी. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय अशा सहा खणांत जग मांडता येतं, हे त्यांचं म्हणणं. सातवा खण, अभाव, नंतर आला. या खणांना त्यांनी नाव दिलं ते पदार्थ. म्हणजे जो शब्द भाषेकडून जगाकडे बोट दाखवत होता, त्यालाच त्यांनी जगाचं नाव करून टाकलं. ही गफलत नव्हती. प्रशस्तपादाच्या ग्रंथाचं नावच पदार्थधर्मसंग्रह, आणि त्यात सहाही पदार्थांचे समान धर्म म्हणून तीन गोष्टी एका दमात येतात: ते असतात, ते जाणता येतात आणि त्यांना शब्दानं सांगता येतं. असणं, कळणं आणि सांगता येणं यांच्या सीमा एकच, ही साधी वाटणारी पण फार धाडसी प्रतिज्ञा आहे. जगात असं काहीच नाही की जे कायम नावाच्या आवाक्याबाहेर राहील. सतराव्या शतकात अन्नंभट्टानं तर्कसंग्रह लिहिला, जे पुढे न्याय शिकणाऱ्या मुलाच्या हाती पडणारं पहिलं पुस्तक झालं. त्यावरच्या स्वतःच्या दीपिकेत तो पदार्थाची फोड पदाचा अर्थ अशीच करतो आणि शब्दानं सांगता येणं हेच पदार्थाचं लक्षण ठरवतो. १८९७ साली आठल्ये आणि बोडस यांनी या ग्रंथाची सटीप आवृत्ती मुंबईहून काढली, आणि पाठशाळेतला हा पदार्थ कॉलेजात गेला.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. सशाचं शिंग हा शब्द आहे, ती वस्तू कुठे आहे? सांगता येणं आणि असणं एकच असेल, तर सशाला शिंग फुटायला हवं. नैयायिकांचं उत्तर असं की ससा आहे, शिंगही आहे. नाही तो त्या दोघांचा संबंध, आणि वाक्य त्या संबंधापाशी खोटं पडतं. निव्वळ पोकळ असं सुटं पद नसतंच. हे उत्तर पुरं समाधान करतं असं नाही, पण त्यात जिद्द आहे. त्याहून बोचरा आक्षेप बौद्धांचा. दिङ्नाग म्हणतो, शब्द वस्तूला शिवतच नाही. 'घेवडा' म्हटल्यानं कळतं ते एवढंच की हा चवळी नव्हे, मूग नव्हे, पावटा नव्हे. शब्द फक्त वगळतो. मराठी घेवडा तर दिङ्नागाची बाजू बळकट करेल असाच आहे, कारण हे नाव आपण एकापेक्षा अधिक वेलींना देतो. आणि ज्याला श्रावणघेवडा किंवा वाघ्या घेवडा म्हणतो, ती वनस्पती मूळची अमेरिका खंडातली. दाणा समुद्रापलीकडून आला आणि नाव इथलं मिळालं. मग जाती वस्तूत होती की आपल्या जिभेत? मला वाटतं, इथे दिङ्नागाला अर्धंच यश मिळतं. नाव उसनं दिलं हे खरं, पण ते कशालाही दिलं नाही. शेंग आणि दाणा बघून दिलं, भोपळ्याला दिलं नाही. वगळायलाही काहीतरी दिसावं लागतं.

अभावाचा खण तर दर्शनातून स्वयंपाकघरात जसाच्या तसा आलेला दिसतो. नसलेल्या गोष्टीला पदार्थांच्या यादीत बसवणं अनेकांना हास्यास्पद वाटलं आहे. पण आमटीत मीठ पडलं नाही तर मराठी माणूस 'मीठ नाही' एवढ्यावर थांबत नाही, तो 'अळणी' म्हणतो. न-असण्याला एक अख्खा शब्द आहे, तो जिभेवर कळतो, आणि तो कशाचा अभाव हे त्या शब्दातच ठरलेलं आहे: अलवण, म्हणजे लवण नसलेलं. नैयायिक ज्याला अभावाचा प्रतियोगी म्हणतो, ते इथे मीठ आहे. तिखट कमी पडलं तर ती आमटी अळणी होत नाही.

आता शाळेकडे. एकोणिसाव्या शतकात मराठीनं भौतिकशास्त्राला पदार्थविज्ञान म्हटलं, आणि पुस्तकात पदार्थाच्या तीन अवस्था आल्या: स्थायू, द्रव, वायू. या पदार्थाला वजन आहे आणि तो जागा व्यापतो. कणादाच्या हिशेबानं हे फक्त द्रव्य झालं, सहांपैकी एक. गुण, कर्म, सामान्य यांना या पदार्थात जागा उरली नाही, आणि नावाशी तर त्याला देणंघेणंच नाही. कोणी काही न म्हटलं तरी तो असतो. चुलीपाशी असं चालत नाही. बेसन, पाणी, कांदा, फोडणी इतकंच द्रव्य घेतलं, पण पातळ ठेवलं तर पिठलं आणि आटवून कोरडं केलं तर झुणका. द्रव्य एकच, कर्म वेगळं, गुण वेगळा, म्हणून नाव वेगळं, आणि नाव वेगळं म्हणून पदार्थ दोन. नवीन काही केलं तर खाणारा आधी विचारतो, 'याला म्हणायचं काय?' उत्तर मिळेपर्यंत ते 'काहीतरी केलंय' या सदरात राहतं.

कोणी म्हणेल, ही सगळी ओढाताण आहे. पदार्थ म्हणजे वस्तू, खाण्याचे पदार्थ म्हणजे खायच्या वस्तू, त्यातलं 'खाण्याचे' झिजून गेलं, संपलं. झिजणं मलाही मान्य आहे. पण मग 'खायच्या वस्तू' यातलं 'खायच्या' का झिजलं नाही? 'आज दोन वस्तू केल्या' असं कुठल्याही घरात कोणी म्हणत नाही. वस्तू म्हणजे जे आहे ते; पदार्थ म्हणजे जे अमुक म्हणून सांगता येतं ते. एवढ्यानं सिद्ध होतं असं नव्हे, आणि भाकरी माझ्या विरोधात उभी आहेच: तिला नाव आहे, कर्म आहे, तरी रोजच्या भाकरीला आपण सहसा पदार्थ म्हणत नाही. नावाबरोबर थोडं वेगळेपणही लागतं, असं म्हणून मी ती हरकत पोटात घालतो. शिवाय 'कःपदार्थ' हा शब्द माझ्या बाजूनं आहे. 'हा कोण पदार्थ?' हा अख्खा संस्कृत प्रश्न मराठीनं उचलला आणि त्याचं नाम केलं. ज्याच्याविषयी अजून 'कोण?' असंच विचारावं लागतं, ज्याला नाव देण्याइतकीही किंमत नाही, तो कःपदार्थ. हा शब्द घडवणाऱ्याच्या कानात पद आणि अर्थ यांची सांगड नक्की वाजत होती.

हे नातं जोडतं कोण, यावर मात्र दर्शनांच्या घराण्यात भांडण आहे. मीमांसक म्हणतात शब्द आणि अर्थ यांचा संबंध उपजत आहे, कोणी केलेला नाही. नैयायिक म्हणतात संबंध हा संकेत आहे, 'या शब्दानं हे समजावं' अशी इच्छा. जुन्यांच्या मते ती ईश्वराची, पण माणसानं ठेवलेल्या नावांनाही नव्यांनी जागा दिली. वाघ्या घेवड्याला मिळालेलं भौगोलिक मानांकन हा असा अगदी आधुनिक संकेत आहे. १९९९ च्या कायद्याखाली नोंदवही ठेवली जाते, आणि तीत नोंदलेलं नाव ठरलेल्या हद्दीत पिकलेल्या दाण्यालाच लावायचं असतं. मीमांसकाला हे रुचलं नसतं. नाव काय कचेरीत तयार होतं? पण 'वाघ्या' म्हटल्यावर खंडोबाचा वाघ्या, दारातला कुत्रा की घेवडा, हे ती नोंदवही सांगत नाही. 'कोरेगाव' म्हटल्यावर साताऱ्याचं, सांगलीकडचं, भीमेकाठचं की पुण्यातल्या कोरेगाव पार्कचं, हेही सांगत नाही. त्यासाठी भर्तृहरीनं वाक्यपदीयात दिलेली यादी लागते: सोबतीला कोणता शब्द आहे, प्रसंग कोणता, जागा कोणती, वेळ कोणती. एसटीच्या पाटीवर 'सातारा–कोरेगाव' लिहिलेलं असतं तेव्हा दुसरं कोरेगाव वगळण्याचं काम शेजारचा शब्दच करतो.

आणि हाच घेवडा पोत्यात भरून उत्तरेकडे गेला की तिथे तो राजमा होतो. तिथल्या घरात तो रात्रभर भिजतो, टोमॅटोच्या रश्श्यात शिजतो आणि भाताबरोबर खाल्ला जातो. दाणा एकाच शिवारातला असला तरी कोरेगावातली आमटी आणि तिकडचा राजमा यांना एक पदार्थ म्हणायला दोन्हीकडची स्वयंपाकघरं तयार होणार नाहीत.