शाहू महाराजांनी रोमहून काय आणलं?

आमच्या बीडकडे लहानपणी नाटक म्हणजे कनात, तंबू आणि जत्रेतली धूळ. त्यामुळे कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा प्रश्न पडला, एका संस्थानी गावात 1915 साली असलं पक्कं थिएटर आलं कुठून?

तर रोमहून! 1902 मध्ये शाहू महाराज एडवर्ड सातव्याच्या राज्याभिषेकासाठी युरोपात गेले, तेव्हा त्यांनी रोममधल्या जुन्या प्रेक्षागारांचे अवशेष पाहिले. परत आल्यावर खासबागेत कुस्तीचं मैदान बांधलं आणि त्याला लागूनच हे नाट्यगृह. तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. मला खरी गंमत वाटते ती या शेजाराची. एका बाजूला लाल मातीत पैलवान, भिंतीपलीकडे संगीत नाटक. पुण्या-मुंबईत हे दोन प्रेक्षक एकमेकांना कधी भेटले असते? शंकाच आहे.

तेव्हा माईक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तो गायकाच्या गळ्याने आणि वास्तूने मिळून. केशवराव कोल्हापूरचेच. 1921 च्या संयुक्त मानापमानात बालगंधर्वांची भामिनी आणि यांचा धैर्यधर. त्याच वर्षी, जेमतेम एकतिशीत, गेले.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छत कोसळलं, रंगमंच गेला, खासबागेकडचा मंचही जळाला. दगडी भिंती तेवढ्या उरल्या.

आपण सॉफ्टवेअरवाले लगेच विचारतो, बॅकअप होता का? खुर्च्या, पडदे, दिवे नवे मिळतात हो, पण आवाजाचं काय? माझं म्हणणं एवढंच, पुन्हा उभारलेल्या नाट्यगृहात आधी माईक बंद ठेवून कुणीतरी एक पद म्हणावं. आणि कंत्राटदाराला शेवटच्या रांगेत बसवावं.