उष्णतेचा जमाखर्च



दिवाळीपूर्वीं घराला चुना द्यावयाचा असला म्हणजे अंगणांत जें पिंप मांडलें जात असे, तें आपल्यापैकीं पुष्कळांना आठवत असेल. कळीच्या चुन्याचे पांढरे खडे त्यांत टाकावयाचे, वर थंडगार पाणी ओतावयाचें आणि मुलांना चार हात दूर उभें करावयाचें. क्षणभर कांहींच घडत नसे. मग खडे फुटूं लागत, वाफ उसळे आणि पाहतां पाहतां सबंध पिंप खदखदूं लागे. खालीं चूल नाहीं, जवळ निखारा नाहीं; खडा थंड, पाणीही थंड; मग ही आंच आली कोठून? "चुन्यांत उष्णता असते" एवढें सांगून वडील माणसें मोकळीं होत. तें उत्तर अपुरें होतें, पण अगदींच खोटें नव्हतें. तें पुरें करण्यास युरोपांतील शास्त्रज्ञांना शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. त्या वर्षांची हकीकत आज सांगावयाची आहे.

पदार्थ जळला कीं उष्णता बाहेर पडते, हें ज्ञान अग्नीइतकेंच जुनें आहे. ती किती पडते, हा प्रश्न मात्र अठराव्या शतकापर्यंत कोणीं नीट विचारला नव्हता. उष्णतामापक नळी होती. परंतु नळींतील पारा वस्तु किती तापली आहे हें सांगतो, तिनें किती उष्णता घेतली किंवा दिली हें सांगत नाहीं. हा भेद स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक यानें १७६० नंतरच्या कांहीं वर्षांत स्पष्ट केला. वितळत्या बर्फाला कितीही उष्णता द्या. सगळा बर्फ वितळेपर्यंत त्याचें उष्णतामान चढत नाहीं. दिलेली उष्णता वितळण्यांतच खर्ची पडते. म्हणजे वितळलेलें पाणी तोललें कीं उष्णता तोलल्यासारखेंच झालें. निसर्गानें मनुष्याच्या हातीं जणूं एक तराजू दिला.

हा तराजू रसायनशास्त्राच्या कामीं लावला पॅरिसच्या दोघां गृहस्थांनीं. एक आंत्वान लाव्हाझिए. हा थोर रसायनशास्त्रज्ञ तर होताच, पण सरकारी कर वसूल करण्याचा मक्ता घेणाऱ्या मंडळींतही त्याची भागीदारी होती. दुसरा गणिती लाप्लास. १७८२-८३ च्या हिवाळ्यांत त्यांनीं एकांत एक अशीं तीन भांडीं बसविलीं. सर्वांत आंतल्या भांड्यांत परीक्षेचा पदार्थ, मधल्या पोकळींत बर्फ आणि खोलींतील ऊब आंत शिरूं नये म्हणून बाहेरच्या पोकळींत पुन्हां बर्फ. मधल्या बर्फाचें जें पाणी होई, तें तोटींतून काढून तोलावयाचें, एवढीच युक्ति. त्यांत त्यांनीं कोळसा जाळून पाहिला आणि मग एक जिवंत गिनीपिग आंत ठेवला.

दहा तासांत त्या मुक्या जिवाच्या अंगच्या ऊबेनें, त्या वेळच्या फ्रेंच मापानें, सुमारें १३ औंस बर्फ वितळला. त्याच्या श्वासांतून जितका कर्बाम्ल वायु बाहेर पडतो, म्हणजे ज्याला आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतों तो, तितकाच निर्माण होईल एवढा कोळसा जाळला तर दहा औंसांहून थोडा अधिक बर्फ वितळतो, असें गणित निघालें. दोन आंकडे जवळ आले, पण जुळले नाहींत; आणि त्या दोघांनीं ते ओढूनताणून जुळविलेही नाहींत. फरक होता तसा नोंदला. थंडींत प्राण्याचे हातपाय गार पडले, हें त्याचें एक कारण असावें, असें सुचविलें आणि निष्कर्ष काढला कीं श्वसन हेंही एक प्रकारचें मंद ज्वलनच आहे. दिव्यांतील ज्योत आणि छातींतील ऊब एकाच कुळींतल्या ठरल्या.

जून १७८३ मध्यें पॅरिसच्या अकादमीपुढें त्यांनीं वाचलेल्या निबंधांत आणखी एक नियम होता: दोन पदार्थांचा संयोग होतांना जितकी उष्णता बाहेर पडते, तितकीच त्यांना पुन्हां वेगळें करतांना परत द्यावी लागते. उष्णता म्हणजे एक अदृश्य द्रव आहे कीं ती कणांची हालचाल आहे, याबद्दल दोन्ही मतें त्यांनीं शेजारीं शेजारीं मांडलीं आणि निवाडा केला नाहीं. लाव्हाझिएचा स्वतःचा ओढा द्रवाकडे होता. १७८९ च्या ग्रंथांत त्यानें उष्णतेला मूलतत्त्वांच्या यादींतही बसविलें. हें मत पुढें साफ चुकीचें ठरलें. ८ मे १७९४ रोजीं राज्यक्रांतीच्या धुमाळींत करमक्तेदार म्हणून त्याचा शिरच्छेद झाला. मत गेलें, माणूसही गेला. बर्फानें केलेली नोंद मात्र राहिली.

त्या नोंदीच्या पुढचें पान लिहिलें हेस यानें. जन्म जिनिव्हाचा, बाळपणींच रशियांत गेला, सायबेरियांत इर्कुत्स्क येथें डॉक्टरी केली आणि अखेर सेंट पीटर्सबर्गला रसायनशास्त्राचा अध्यापक झाला. गंधकाम्लांत कमीअधिक पाणी घालून मग अमोनियानें त्याचें उदासिनीकरण करावें, असे त्याचे प्रयोग होते. प्रत्येक टप्प्याची उष्णता निराळी येई. बेरीज मात्र नेहमीं तीच. १८४० मध्यें त्यानें नियम सांगितला कीं आरंभ आणि शेवट तेच असले, तर वाट कोणतीही असो, एकूण उष्णता तितकीच. सिंहगडावर पुणें दरवाजानें चढा किंवा कल्याण दरवाजानें चढा. गडाची उंची बदलत नाहीं, तसेंच हें.

याचा उपयोग केवढा, तें शेगडीपाशीं कळतें. १२ ग्रॅम कर्ब पूर्ण जळला तर सुमारें ९४ किलोकॅलरी उष्णता मिळते. हवा अपुरी असली तर तो अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु होतो. ही अर्धी पायरी निर्भेळ रीतीनें मोजणें अवघड, कारण थोडा कर्ब पुढें जळतोच. पण तो विषारी वायु वेगळा जाळून मोजतां येतो. त्याचे सुमारें ६८ भरतात. वजाबाकी करा: अर्धवट ज्वलनाचे अवघे २६. म्हणजे दारेंखिडक्या लावून शेगडी पेटविणारा मनुष्य आपला जीव तर धोक्यांत घालतोच, शिवाय कोंडलेल्या हवेंत जो कोळसा असा अर्धवट जळतो, त्याची जवळजवळ तीन चतुर्थांश उष्णता वायां घालवितो.

हेसचा नियम बाहेर पडला त्याच वर्षीं मायर नांवाचा एक तरुण जर्मन डॉक्टर जहाजाबरोबर जावा बेटावर गेला. तेथें खलाशांच्या शिरांतील रक्त त्याला नेहमींपेक्षां लालभडक दिसलें. उष्ण हवेंत शरीराला ऊब राखण्यासाठीं कमी जाळावें लागतें, म्हणून प्राणवायु रक्तांत शिल्लक राहतो, असें त्यानें ताडलें. आणि त्यावरून उष्णता व काम हीं एकाच शक्तीचीं दोन रूपें आहेत, या विचारापर्यंत तो पोंचला. १८४२ मध्यें त्याचा लेख प्रसिद्ध झाला, पण फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. पुढें इंग्लंडांत जूलनें काळजीपूर्वक प्रयोग करून तेंच सिद्ध केलें. उपेक्षेनें खचलेल्या मायरनें १८५० मध्यें आत्महत्येचा प्रयत्न केला. रॉयल सोसायटीचें कॉप्ली पदक त्याला मिळालें तें १८७१ मध्यें.

असो. आतां हिशोब पक्का झाला, असें वाटूं लागलें आणि येथेंच एका मोठ्या माणसाचा पाय घसरला. फ्रान्समधील मार्सेलां बर्तेलो हा उष्णतामापनांतला अधिकारी पुरुष. उष्णता देणाऱ्या त्या उष्मादायी आणि घेणाऱ्या त्या उष्माग्राही, अशी क्रियांची विभागणी त्यानेंच रूढ केली. परंतु पुढें त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, आपण होऊन घडणाऱ्या रासायनिक क्रियांचा ओढा नेहमीं जास्तींत जास्त उष्णता देण्याकडेच असतो. घरीं एक पेला पाणी घ्या. त्यांत लिंबाच्या सत्त्वाचे खडे विरघळवून खाण्याचा सोडा टाका. फसफस होते, कोणीही न ढकलतां क्रिया घडते, आणि पेला हाताला गार लागतो! निसर्ग दुसरेंही एक खातें ठेवतो, तें म्हणजे कणांच्या आणि शक्तीच्या विखुरण्याचें. वायु मोकळा होऊन त्या खात्यांत मोठी जमा पडते, म्हणून उष्णतेच्या खात्यांतला खर्च त्या क्रियेला परवडतो. हीं दोन्हीं खातीं एकत्र मांडण्याची रीत अमेरिकेंतील गिब्ज यानें १८७६ ते १८७८ च्या दरम्यान दाखविली.

पॅरिसमध्यें पिएर द्युएम या तरुणानें त्याच मार्गानें बर्तेलोचें तत्त्व चूक असल्याचें दाखविणारा प्रबंध १८८४ मध्यें सादर केला. प्रबंध नाकारला गेला. बर्तेलो पुढें शिक्षणमंत्रीही झाला. त्याच्या वजनाचा या निकालांत हात होता, असें पुष्कळांचें मत आहे. द्युएमनें १८८६ मध्यें तोच विषय ग्रंथरूपानें छापला, पण पॅरिसमध्यें अध्यापकाची जागा त्याला कधींच लाभली नाहीं. १९१६ मध्यें मरण आलें तोंपर्यंत तो बोर्दो येथेंच शिकवीत राहिला. तत्त्वाचें खरेंखोटेपण मात्र पदांनीं ठरत नाहीं. बर्तेलोचें तत्त्व गेलें. राहिलीं तीं त्याचीं मापें, आणि १८८१ मध्यें त्यानें सिद्ध केलेलें तें जाड पोलादी भांडें, ज्यांत प्राणवायु दाबून भरून पदार्थ पूर्ण जाळतां येतो. बिस्किटाच्या पुड्यावर जे किलोकॅलरींचे आंकडे आपण वाचतों, त्यांची परंपरा या भांड्यापर्यंत मागें जाते. १८९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत अ‍ॅटवॉटर यानें एका खोलीएवढ्या मापकांत जिवंत माणसाला दिवसचे दिवस ठेवून अन्नाचा आणि उष्णतेचा मेळ घातला, आणि गिनीपिगाच्या वेळीं जी तफावत राहिली होती ती जवळजवळ मिटली.

आतां पुन्हां आपल्या पिंपाकडे वळूं. चुनखडी भट्टींत भाजतांना तिच्यांतला कर्बाम्ल वायु निघून जातो आणि त्यासाठीं भट्टीची उष्णता खर्ची पडते. ती १०० भाग धरली, तर कळीच्या चुन्यावर पाणी पडतांच सुमारें ३७ भाग परत मिळतात. तीच ती पिंपांतली खदखद. मग उरलेले ६३ भाग बुडाले कीं काय? नाहीं. भिंतीला लावलेला चुना हवेंतला तोच वायु हळूहळू शोषून पुन्हां चुनखडी होतो आणि राहिलेली बाकी इतकी सावकाश फेडतो कीं भिंतीवर हात ठेवून ती कळत नाहीं. वडील माणसें म्हणत तें अगदींच खोटें नव्हतें, तें एवढ्यासाठीं. चुन्यांत उष्णता असते खरी. पण ती भट्टींत घेतलेलें कर्ज म्हणून असते. एक हप्ता मुलांच्या देखत फिटतो, दुसरा भिंत मुकाट्यानें फेडीत राहते. चूल पेटविणाऱ्या लाकडापासून आपल्या श्वासापर्यंत हाच जमाखर्च चालू आहे, आणि तो लिहून ठेवणाऱ्यांपैकीं टिकले ते, ज्यांनीं न जुळलेला आंकडाही खोडला नाहीं.