ज्याच्या हाती ससा, तो गुन्हेगार : इंग्लंडमधील थंड मांसाची गोष्ट

१/ मराठीत म्हण आहे, 'ज्याच्या हाती ससा, तो पारधी'. अठराव्या शतकातील इंग्लंडच्या खेड्यात मात्र ज्याच्या हाती ससा सापडे, तो बहुधा आरोपी ठरत असे. त्याच खेड्याशेजारच्या हवेलीत तसेच ससे आणि फेझंट पक्षी आठवडाभर उघडपणे टांगलेले असत. मारलेली शिकार घरात थंड ठेवण्याची साधी सोय सत्तेचे चिन्ह कशी बनली, त्याविषयीचा हा थ्रेड.

२/ प्रथम जागा पाहू. इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफक परगण्यात होल्कम हॉल ही जमीनदार घराण्याची भव्य हवेली आहे. तिच्या आवारात सॅम्युअल वायट या वास्तुकाराच्या आराखड्यानुसार १८०० च्या सुमारास बांधलेली एक अष्टकोनी इमारत आहे. परक्या पाहुण्याला ती एखादी छत्री किंवा समाधी वाटावी. प्रत्यक्षात ते 'गेम लार्डर' होते, म्हणजे मारून आणलेली शिकार टांगून ठेवण्याची खोली.

३/ अशा खोल्या इंग्लंडमधील अनेक मोठ्या घरांत होत्या. रॉबर्ट कर या वास्तुकाराच्या १८६४ मधील 'द जंटलमन्स हाऊस' या ग्रंथात प्रतिष्ठिताच्या घरी कोणकोणत्या खोल्या असाव्यात, याचे सविस्तर विवेचन आहे. साध्या मांसाची कोठी आणि शिकारीच्या मांसाची कोठी यांना त्याने वेगवेगळे स्थान दिले. कसायाकडून आणलेले बैलाचे मांस आणि मालकाने स्वतः टिपलेला फेझंट यांचा दर्जा एक नव्हता.

४/ शिकार लगेच न शिजवता टांगून का ठेवत? प्राणी मेल्यानंतर स्नायूंतील साखरेच्या साठ्याचे लॅक्टिक आम्ल होते आणि शरीर ताठर बनते. या अवस्थेत शिजवलेले मांस चिवट लागते. पुढे स्नायूंतीलच विकरे प्रथिनांचे बंध हळूहळू सैल करतात व मांस मऊ पडते. रानात आयुष्यभर धावलेल्या, उडालेल्या जनावराच्या बाबतीत हा फरक विशेष जाणवतो.

५/ यात अडचण अशी की जिवाणूही त्याच काळात कामाला लागतात. थंडीत विकरांचे काम मंदावते, तरी चालू राहते. जिवाणूंची वाढ मात्र पुष्कळच रोखली जाते. मांस मुरणे आणि मांस सडणे यांतील अंतर या थंडीवर अवलंबून असते. पक्ष्याच्या शरीराचे तापमान जिवंतपणी सुमारे ४० अंश सेल्सियस असते आणि पिसे ती ऊब धरून ठेवतात. म्हणून शिकारीचा ढीग न रचता प्रत्येक पक्षी सुटा टांगावा लागे.

६/ यंत्राने थंडी निर्माण करण्याची सोय तेव्हा नव्हती. काही हवेल्यांत बर्फघरे होती, परंतु त्यांतील बर्फ मुख्यतः पेये आणि गोड पदार्थांसाठी खर्ची पडे. गेम लार्डर चाले ते हवेवर. खोली स्वयंपाकघराच्या चुलींपासून दूर, शक्यतो वेगळी बांधलेली आणि उत्तरेकडे तोंड केलेली. भिंती जाड, छपराच्या वळचणी खोल, फरशी दगडी. ऊन आत शिरू नये, वारा मात्र खेळत राहावा, असा सारा बेत.

७/ खिडक्यांना काचेऐवजी बारीक तारेची जाळी असे. मांसमाशीने एकदा अंडी घातली, की आठवड्याची मेहनत एका दिवसात वाया जाई. छताच्या मध्यावर झडपांचा लहानसा मनोरा ठेवत. त्यातून उबदार हवा वर निघून जाई. आपल्याकडील जाळीचे कपाट आणि छताला टांगलेले शिंके यांमागचा विचारही हाच आहे. इंग्लंडच्या जमीनदाराने त्यासाठी स्वतंत्र इमारत उभारली, एवढाच फरक.

८/ प्रत्येक शिकारीची रीत निराळी होती. फेझंट व तित्तिर मानेला बांधून, पिसांसकट आणि पोट साफ न करता टांगत. हेअर जातीचा मोठा रानससा मागच्या पायांनी उलटा लटकवत. हरणाचे पोट मात्र रानातच रिकामे करत. त्याच्या जठरातील चारा आंबत राहतो आणि त्या उष्णतेने व वायूने मांस आतून बिघडते. सोलणे, पिसे काढणे, तुकडे करणे ही कामे टांगण्याची मुदत संपल्यावर होत.

९/ ही मुदत पंचांग पाहून ठरत नसे. कोरडी कडक थंडी असेल तर फेझंट आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक राही. दमट, उबदार हवा असेल तर दोन-तीन दिवसांतच उतरवावा लागे. फेझंटच्या शिकारीचा कायदेशीर हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी असा होता, त्यामुळे हवामानाची फुकट साथ मिळे. ग्राउज पक्ष्याचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होई. तेव्हा अधिक सावध राहावे लागे.

१०/ मुरलेल्या मांसाची चव हीसुद्धा प्रतिष्ठेची खूण बनली. फ्रेंच लेखक ब्रिया-सावारँ याने १८२५ मधील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात लिहिले आहे की, मारल्यानंतर पहिल्या तीन दिवसांत खाल्लेल्या फेझंटमध्ये विशेष असे काही नसते. फेझंटची खरी लज्जत कुजण्याच्या उंबरठ्यावर येते, असे त्याचे मत होते. ही लज्जत चाखण्यासाठी पैशाबरोबरच थांबण्याची मुभा हवी होती, आणि ती सर्वांना नव्हती.

११/ येथे कायदा प्रवेश करतो. इंग्लंडच्या १६७१ च्या शिकार कायद्यानुसार हेअर, फेझंट, तित्तिर मारण्याचा हक्क प्रामुख्याने वर्षाला किमान १०० पौंड उत्पन्नाची जमीन मालकीची असणाऱ्यांनाच उरला. संसदेच्या निवडणुकीत परगण्यातून मत देण्यासाठी वर्षाला ४० शिलिंगांचे, म्हणजे २ पौंडांचे उत्पन्न पुरे होते. तित्तिर मारण्यासाठी मतदारापेक्षा पन्नासपट मालमत्ता लागते, यावर विधिज्ञ ब्लॅकस्टोननेही बोट ठेवले होते.

१२/ हा कायदा रानापुरता थांबला नाही. तो घरात शिरला. १६९२ च्या कायद्याने संशयिताच्या घराची झडती घेण्याची सोय केली. घरात शिकार सापडली आणि ती कोठून आली हे समाधानकारक सांगता आले नाही, तर शिक्षा ठरलेली. अठराव्या शतकाच्या आरंभी नियम आणखी आवळले गेले. हक्क नसलेल्याच्या ताब्यातील प्रत्येक पक्ष्यामागे वा सशामागे ५ पौंडांचा दंड आणि तो न भरल्यास तुरुंग.

१३/ या ५ पौंडांचे वजन लक्षात घ्यावे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी शेतमजुराची आठवड्याची कमाई १० शिलिंगांच्या आसपास होती. ५ पौंड म्हणजे १०० शिलिंग. एका सशासाठी सुमारे दहा आठवड्यांची मजुरी. निवाडा करणारा दंडाधिकारी बहुतेक वेळा स्वतःच जमीनदार असे. ज्याचा ससा, त्याच्याच वर्गातील माणूस न्यायासनावर.

१४/ आता मजुराच्या झोपडीकडे वळू. एक-दोन खोल्या, त्यातच चूल. उत्तरेकडची कोठी नाही, दगडी फळी नाही. पण समजा या साऱ्या सोयी असत्या, तरी ससा टांगून ठेवणे त्याला परवडणारे नव्हते. टांगलेला ससा हा भिंतीवर लटकवलेला पुरावा होता. पिसे, कातडे, हाडे, इतकेच काय शिजण्याचा वासही घात करू शकत असे. रात्री आणलेली शिकार लवकरात लवकर संपवणे किंवा घराबाहेर काढणे यातच शहाणपण होते.

१५/ एकच रानससा, एकाच शेतातला. हवेलीत तो मुरवला जाई, झोपडीत तो लपवला जाई. मांस मऊ होण्यासाठी लागणारे दिवस एकासाठी चवीचे होते आणि दुसऱ्यासाठी धोक्याचे. दोन वर्गांच्या पानांतील हा फरक पाककौशल्याने पडला नव्हता. कायद्याने एकाला वेळ दिला होता आणि दुसऱ्याकडून काढून घेतला होता.

१६/ १७५५ मध्ये शिकारीच्या विक्रीवर सर्वांसाठीच बंदी आली. जमीनदारालाही फेझंट विकता येईना, तेव्हा तो भेटीची वस्तू बनला. नातेवाईक, वकील, राजकीय मित्र यांच्याकडे पक्ष्यांच्या जोड्या आणि ससे करंड्यांत भरून घोडागाडीने रवाना होत. न सोललेली, पिसांसकट असलेली शिकार थंडीच्या दिवसांत प्रवासात टिकत असे. पैशाने मिळत नसल्यामुळेच अशा भेटीची किंमत वाढली.

१७/ बंदीमुळे मागणी संपली नाही. लंडनमधील श्रीमंत व्यापाऱ्यांकडे पैसा होता, पण जमीन नव्हती. त्यांनाही पानात फेझंट हवा होता. चोरटे शिकारी, फेरीवाले, घोडागाड्यांचे चालक आणि लेडनहॉल बाजारातील कोंबडी-विक्रेते यांची एक साखळी उभी राहिली. मजुराच्या हातात सापडणारा ससा त्याच्या मुलांसाठी असे, तसा तो अनेकदा या बाजारासाठीही असे. भूक आणि व्यापार येथे एकत्र नांदत होते.

१८/ संघर्ष रक्तरंजित होता. १७२३ च्या 'ब्लॅक ॲक्ट'ने चेहरा काळा करून वा शस्त्र घेऊन हरणाची चोरी करणे हा देहान्ताचा गुन्हा ठरवला. इ. पी. थॉम्प्सन यांच्या १९७५ मधील 'व्हिग्ज अँड हंटर्स' या ग्रंथाचा विषय हाच कायदा आहे. रानात तार ओढताच गोळी सुटणाऱ्या बंदुका लावल्या जात. त्यांवर १८२७ मध्ये बंदी आली. १८२८ च्या कायद्याने रात्रीच्या चोरट्या शिकारीच्या तिसऱ्या गुन्ह्याला सात वर्षे सागरापार हद्दपारीची शिक्षा ठेवली.

१९/ अखेर १८३१ च्या कायद्याने जमिनीच्या मालकीची जुनी अट काढून टाकली. शुल्क भरून दाखला घेणाऱ्यास, जमीनमालकाची परवानगी असल्यास, शिकार करता येऊ लागली. परवानाधारक दुकानदारांना विक्रीची मुभा मिळाली आणि फेझंट उघडपणे दुकानांत लटकू लागले. शहरी मध्यमवर्गाचा प्रश्न सुटला. शेतमजुराला ना दाखला परवडत होता, ना कोणी परवानगी देत होते.

२०/ उलट, १८६२ च्या कायद्याने पोलिसांना सार्वजनिक रस्त्यावर संशयिताला थांबवून त्याची पिशवी आणि गाडी तपासण्याचा अधिकार दिला. दिवसभर राबून घरी परतणाऱ्या माणसाला हा अपमान वाटला. वॉरिकशरमधील जोसेफ आर्च हा कुंपणांची छाटणी करणारा मजूर. १८७२ मध्ये त्याने शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभारली आणि १८७३ मध्ये संसदेच्या समितीपुढे शिकार कायद्यांविरुद्ध साक्ष दिली.

२१/ पुढे १८८५ मध्ये हाच आर्च नॉरफकच्या वायव्य मतदारसंघातून संसदेवर निवडून आला. युवराजांची सँड्रिंगहॅम ही प्रसिद्ध शिकारी जहागीर त्याच मतदारसंघात होती. एकेकाळी ज्याची पिशवी तपासली जाऊ शकत होती, अशा वर्गातला माणूस आता भावी राजाच्या गावचा प्रतिनिधी झाला होता. शेतमजुरांच्या मोठ्या वर्गाला मताधिकार नुकताच, १८८४ मध्ये, मिळालेला होता.

२२/ या कथेचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. १८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगलांतील शिकार सरकारी नियमांच्या कक्षेत आणली. मुंबई इलाख्यातील डोंगरी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या शिकार करून खाणारा आदिवासी नियमभंग करणारा ठरू शकत होता आणि साहेबाची शिकार परवान्याने वैध होती. इंग्लंडच्या खेड्यात घडलेली 'चोरटा शिकारी' ही कल्पना येथील रानातही पोहोचली.

२३/ १८८० हे वर्ष दोन कारणांनी ध्यानात ठेवावे. त्या वर्षी इंग्लंडमधील कूळ शेतकऱ्याला आपण कसत असलेल्या जमिनीवरील ससे मारण्याचा हक्क कायद्याने मिळाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत 'स्ट्रॅथलेव्हन' हे जहाज ऑस्ट्रेलियाहून सुमारे ४० टन गोठवलेले मांस घेऊन लंडनला पोहोचले. पुढील दशकांत न्यूझीलंड आणि अर्जेंटिनातूनही असे मांस येऊ लागले.

२४/ कष्टकऱ्यांच्या ताटात थंड राखलेले मांस स्वस्तात आले, ते शेजारच्या हवेलीतून आलेच नाही. ते हजारो मैलांचा समुद्र ओलांडून यंत्राच्या थंडीत आले. हवेल्यांतील गेम लार्डर मात्र जागच्या जागी राहिले. त्यांपैकी काही आज पर्यटक पाहतात. आत रिकामे आकडे, जाळीच्या खिडक्या आणि थंड दगडी फरशी असते. ती इमारत पाहताना त्याच काळी, त्याच गावात, दार लावून घाईघाईने शिजवल्या जाणाऱ्या सशाचीही आठवण ठेवायला हवी. त्याच्यासाठी कोणी इमारत बांधली नाही. त्याचा मागमूस उरला तो न्यायालयांच्या दप्तरांत.

(थ्रेड समाप्त)