तेरचा वारसा आणि त्याचा राखणदार

इतिहास म्हटला म्हणजे राजांचीं नांवें आणि लढायांचे सन आठवतात. परंतु हा इतिहास ज्या वस्तूंच्या आधारानें सिद्ध होतो, त्या जपून ठेवणाऱ्याचें नांव सहसा कोणी विचारीत नाहीं. मराठवाड्यांत मात्र एक शासकीय वस्तुसंग्रहालय अशा राखणदाराच्याच नांवानें ओळखलें जातें. तें लातूरच्या शेजारीं, धाराशिव जिल्ह्यांतील तेर या गांवीं आहे. आणि तें नांव आहे रामलिंगप्पा लामतुरे यांचें.

तेरणा नदीच्या कांठचें हें गांव गोरोबाकाकांच्या समाधीमुळें वारकऱ्यांच्या ओळखीचें आहे. पण त्याची कीर्ति त्याहून पुष्कळच जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या सागरी वाटाड्यांत तगर नांवाच्या मोठ्या नगराचा उल्लेख आहे. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असें तो सांगतो. तेथील जाडेंभरडें कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून बिकट वाटांनीं भडोच बंदरास जात असे. हें तगर कोणतें, याविषयीं विद्वानांत मोठा वाद होता. कोणी देवगिरि म्हणे, कोणी जुन्नर, कोणी कोल्हापूर. अखेर १९०१ सालीं फ्लीटसाहेबांनीं तेर हेंच तगर, असें साधार प्रतिपादन केलें. पुढें हेन्री कझिन्स यांनीं तेथील विटांच्या प्राचीन त्रिविक्रम मंदिराकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें.

नांवाचा वाद असा मिटला, तरी नगर मातीखालींच होतें. जुन्या टेकाडांची पांढरी माती घराच्या माळवदावर घालण्याची रीत मराठवाड्यांत सर्वत्र होती. त्या मातीबरोबर सातवाहनांचा काळहि पाटींतून छपरावर चढे, आणि कोणाला त्याची खंत वाटत नसे. अशा परिस्थितींत लामतुरे यांनीं इतरांना क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तु मोलाच्या मानून गोळा केल्या. मणी, शंखाच्या बांगड्या, नाणीं, पांढऱ्या केओलिन मातीच्या सुबक मूर्ति, असा हा संग्रह वाढत गेला. त्यांतील हस्तिदंती स्त्रीमूर्ति तर जगाच्या अभ्यासकांत गाजली. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेई शहरांत, १९३८ सालीं, भारतीय घडणीची एक हस्तिदंती मूर्ति सांपडली. तेरची मूर्ति तिच्या नात्यांतली दिसते. तेरणाकांठचा संबंध थेट रोमन साम्राज्याशीं होता, याची साक्ष यांत मिळते.

संग्राहकानें वेंचलेली वस्तु कोणत्या थरांतली, हें निश्चित सांगतां येत नाहीं, असा शास्त्रज्ञांचा आक्षेप असतो, व तो खरा आहे. १९५८ सालीं चापेकर यांनीं तेर येथें शास्त्रशुद्ध उत्खनन केलें, त्याचें मोल यासाठींच मोठें. पण जेथें थरच फावड्यानें उपसले जात होते, तेथें वस्तु हातीं राहिली हेंच भाग्य! उत्खनन एखाद्या मोसमापुरतें चालतें. गांवांत राहणाऱ्या जाणत्या माणसाचा डोळा मात्र बाराहि महिने उघडा असतो.

पुढें हा खासगी संग्रह सरकारच्या स्वाधीन झाला, आणि संग्रहालयास लामतुरे यांचें नांव मिळालें. वस्तु दूरच्या शहरांत न जातां आपल्याच गांवीं राहिल्या, हा या गौरवाचा खरा अर्थ. शाल-श्रीफळाचा सत्कार एका सायंकाळचा असतो. येथें तेरच्या शाळकरी मुलाला आपल्या गांवचें प्राचीन वैभव आपल्याच वेशींत पाहावयास मिळतें.

नांदेड जिल्ह्यांतील कंधारचा किल्ला व होट्टलचीं मंदिरें, लातूर जिल्ह्यांतील खरोशाचीं लेणीं, हींहि अशाच राखणदारांचीं वाट पाहणारीं स्थळें आहेत. तेथें शेत नांगरतांना एखादें कोरीव शिल्प वर आलें, तर तें बांधाला लावावयाचें कीं जाणकाराला दाखवावयाचें, हें त्या शेतकऱ्याच्याच हातीं असतें. लामतुरे यांच्या नांवाचा खरा मान त्या क्षणीं राखला जाईल किंवा जाणार नाहीं.