हद्दीबाहेरचं मत

कोल्हापूरच्या हद्दवाढीची कहाणी बहुधा शहराच्या बाजूने सांगितली जाते: 1854 ची नगरपालिका, 1972 ची महापालिका आणि तेव्हापासून 66.82 चौरस किलोमीटरवर अडकलेली हद्द. विमानतळाला लागून असलेल्या गडमुडशिंगीतून पाहिलं तर तिचा रोख बदलतो. प्रस्तावित गावांच्या यादीत मुडशिंगीचं नाव अनेकदा आलं आणि दरवेळी यादीतल्या गावांनी विरोधाचे ठराव केले, मोर्चे काढले. शहरातली कृती समितीही तेवढ्याच जिद्दीने हद्दवाढ मागत राहिली. दोन्हीकडचे मतदारच. त्यामुळे सरकारने 2017 मध्ये मधली वाट काढली आणि भोवतालच्या 42 गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमलं. वरवर पाहता दोघांचंही ऐकलं गेलं. माझ्या मते दोघांनाही टाळलं गेलं, कारण लोकांनी थेट निवडलेलं सभागृह या प्राधिकरणाला नाही. बांधकाम परवान्यासाठी तिथे हेलपाटे घालणाऱ्या ग्रामस्थाला त्या कारभाऱ्यांना मतपेटीतून घरी बसवता येत नाही.

हे शल्य याच मातीत जुनं आहे. राजर्षी शाहूंनी 1918 मध्ये कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. रयतेच्या गाऱ्हाण्याला राज्यकर्त्याने दिलेलं इतकं थेट उत्तर विरळाच. पण ते छत्रपतींच्या मर्जीवर अवलंबून होतं. माधवराव बागलांच्या प्रजापरिषदेने 1939 मध्ये जबाबदार राज्यपद्धतीची मागणी लावून धरली ती म्हणूनच: राजा चांगला असणं पुरेसं नाही, कारभार लोकप्रतिनिधींना बांधील हवा. 1949 मध्ये संस्थान विलीन झालं आणि ती मागणी पुरी झाली असं आपण धरून चाललो.

गावांच्या विरोधावर शहरवासीयांचा आक्षेप रास्त आहे. गावं केएमटीची (महापालिकेच्या परिवहन सेवेची) बस, बाजारपेठ, रस्ते वापरतात आणि महापालिकेचा घरफाळा चुकवतात. विरोधामागे स्थानिक पुढाऱ्यांची पदं आणि जमिनीचे व्यवहारही असतात. असतीलच. पण हेतू शंकास्पद आहे म्हणून ग्रामसभेचा ठराव बाद होत नाही, नाहीतर एकही निवडणूक टिकायची नाही. शिवाय महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं तिथे प्रशासक होता. ज्या काळात शहरालाच नगरसेवक नव्हते, त्या काळात गावाने आपला सरपंच सोडून तिकडे यावं, हे सांगणं अवघडच होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रत्येक गावाला नकाराधिकार दिला तर कोणतंच शहर वाढणार नाही. कायद्यालाही ही भीती असावी. महापालिका अधिनियमानुसार हद्द बदलताना सरकारने हरकती मागवायच्या असतात, ग्रामसभेची संमती लागत नाही. पण संमती टाळून काम लवकर होतं, हा समज पुण्याने खोटा ठरवला. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं 2017 मध्ये महापालिकेत घेतली, कराच्या ओझ्यावरून असंतोष पेटला आणि अखेर ती बाहेर काढून 2024 मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद केली. कोल्हापुरातच एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनापुढे 2015 मध्ये टोल रद्द झाला, तेव्हा सरकारला ऐकू येत नाही असंही नाही. फरक एवढाच, की टोलला विरोध करताना लोक एका बाजूला होते. हद्दवाढीत ते विभागलेले आहेत, आणि अशा वेळी निव्वळ जमावाचा आकार मोजून भागत नाही. गावाला घरफाळा किती वर्षांत किती वाढेल, पाणी केव्हा येईल, पहिल्या निवडणुकीत किती प्रभाग मिळतील, हे आधी लेखी सांगावं लागतं. आणि हरकत फेटाळली तर ती का, हेही.