मुंबईतील सिंफनी वाद्यवृंद : हौशी व व्यावसायिक वादकांचे सहवादन

प्रस्तावना :
विसाव्या शतकातील मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासात नाट्यसंगीत, रागसंगीत व चित्रपटसंगीत यांचा विचार विस्ताराने झाला आहे. त्या मानाने पाश्चात्त्य पद्धतीचे सिंफनी वाद्यवृंद उपेक्षित राहिले. हौसेने वाजविणारे आणि वादनावर उदरनिर्वाह करणारे अशा दोन भिन्न वर्गांच्या सहकार्यावर हे वाद्यवृंद उभे होते. या सहकार्याचे स्वरूप व त्याच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाद्यवृंदाची घडण :
मेहली मेहता (१९०८-२००२) यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. पूर्णवेळ पगारी वाद्यवृंद पोसण्याइतका श्रोतृवर्ग शहरात नव्हता. त्यामुळे पारशी समाजातील हौशी वादक आणि गोमंतकीय ख्रिस्ती व्यावसायिक एकाच मंचावर आले. सधन घरांत पियानो किंवा व्हायोलिन शिकण्याची प्रथा होती. परंतु फुंकून वाजविण्याची वाद्ये घरगुती शिक्षणात क्वचितच येत. ही उणीव नौदलाच्या बँडमधील वादक भरून काढीत.

गोमंतकीयांचे योगदान :
पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांमधून मुलांना स्वरलिपीचे वाचन व व्हायोलिनवादन शिकविले जाई. हे कौशल्य घेऊन मुंबईत आलेल्या वादकांना हॉटेले, बँडपथके आणि पुढे चित्रपटांचे स्टुडिओ येथे काम मिळाले. समोर ठेवलेली स्वरलिपी पाहताक्षणी वाजविण्याची त्यांची क्षमता हा वाद्यवृंदाचा कणा होता. हौशी वादकाला तालीम म्हणजे नोकरी-व्यवसायानंतरचा विरंगुळा होता. व्यावसायिकाला मात्र ती आपल्या कामाच्या वेळा सांभाळून साधावी लागे.

भेदाचे स्वरूप :
'हौशी' म्हणजे कमी कुशल, असे समीकरण येथे लागू पडत नाही. स्वतः मेहता बव्हंशी स्वयंशिक्षित होते; त्यांनी ताजमहाल हॉटेलातही वादन केले आणि १९४५ मध्ये उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्क गाठले. त्यामुळे हा भेद कौशल्यापेक्षा उपजीविकेचा व सामाजिक स्थानाचा होता, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. मंचावर दोन्ही वर्ग एकत्र बसले, तरी इतिहासाने दोघांची नोंद सारखी घेतली नाही. संस्थापक व आश्रयदाते यांची नावे टिकली. गोमंतकीय वादक मात्र चित्रपटांच्या श्रेयनामावलीतही बहुधा अनामिकच राहिले.

या पार्श्वभूमीवर माजोर्डे येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) यांचा प्रयत्न महत्त्वाचा ठरतो. १९५८ मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभराहून अधिक वादकांचा वाद्यवृंद उभा करून रागाधारित रचना सादर केल्या. लता मंगेशकर व मन्ना डे त्यात गायले. स्टुडिओत इतरांसाठी वाजविणारा वादक येथे रचनाकार म्हणून पुढे आला. तथापि 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटातील पात्राला त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे मिळालेले हे नाव सर्वतोमुखी झाले, तेव्हाही त्यामागील व्यक्ती बहुतेकांना अपरिचितच होती.

निष्कर्ष :
२००६ मध्ये मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा प्रारंभी कझाकस्तानातील वादकांचे मोठे साहाय्य घ्यावे लागले. त्यापूर्वी सात दशके शहराने ही गरज हौस आणि पोटापाण्याचा व्यवसाय यांच्या मेळातून भागविली होती. म्हणून या परंपरेचा इतिहास केवळ संस्थापकांचा न राहता मागच्या रांगांतील वादकांचाही व्हावयास हवा.