जावास्क्रिप्ट : फंक्शनचा दुहेरी वारसा

संकेतस्थळांमध्ये जिवंतपणा आणणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेचा पहिला आराखडा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत तयार केला. एका ऑब्जेक्टने दुसऱ्या ऑब्जेक्टकडून थेट वारसा घेण्याची तिची रीत ‘सेल्फ’ या भाषेवरून आलेली आहे.

या भाषेत जवळजवळ प्रत्येक ऑब्जेक्टला एक पूर्वज असतो. त्यालाच प्रोटोटाइप म्हणतात. मागितलेला गुणधर्म ऑब्जेक्टपाशी नसेल, तर त्याचा शोध पूर्वजाकडे, तेथून त्याच्या पूर्वजाकडे असा वर सरकतो. साखळी संपेपर्यंत काहीच न मिळाल्यास ‘अनडिफाइन्ड’ हे उत्तर येते.

फंक्शन हेही ऑब्जेक्टच असल्याने त्यालाही पूर्वज आहे. तो म्हणजे ‘फंक्शन.प्रोटोटाइप’. ‘कॉल’, ‘अप्लाय’ आणि ‘बाइंड’ या मेथड प्रत्येक फंक्शनला तेथूनच लाभतात. त्याच्या वर ‘ऑब्जेक्ट.प्रोटोटाइप’ असतो आणि तेथे साखळी संपते.

नवशिक्यांचा गोंधळ उडतो तो यापुढे. साध्या फंक्शनपाशी ‘प्रोटोटाइप’ याच नावाचा एक गुणधर्मही असतो. मात्र तो त्या फंक्शनचा पूर्वज नव्हे. ‘न्यू’ हा शब्द वापरून त्या फंक्शनकडून घडवलेल्या ऑब्जेक्टांचा तो पूर्वज ठरतो. उदाहरणार्थ, ‘खाते’ या फंक्शनच्या प्रोटोटाइपवर ‘शिल्लक’ ही मेथड ठेवली, तर त्यातून घडलेल्या प्रत्येक खात्याला ती वापरता येते. खुद्द ‘खाते’ या फंक्शनला मात्र ती मिळत नाही. २०१५ साली भाषेत आलेल्या अ‍ॅरो फंक्शनांना हा गुणधर्म नसतो आणि त्यांना ‘न्यू’ही लावता येत नाही. त्याच वर्षी आलेला ‘क्लास’ हा शब्द आतून याच साखळीवर चालतो.

वारसा सामाईक असल्याने त्यातील फेरफार सर्वांनाच भोवतो. ‘मूटूल्स’ या जुन्या लायब्ररीने अ‍ॅरेच्या प्रोटोटाइपमध्ये ‘फ्लॅटन’ ही आपली मेथड घातली होती. पुढे त्याच नावाची मेथड भाषेतच आणण्याचे ठरले. २०१८ साली फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती येताच मूटूल्सवर विसंबलेले संकेतस्थळ बिघडल्याचे आढळले. अखेर २०१९ च्या प्रमाण आवृत्तीत तिला ‘फ्लॅट’ हे नाव देण्यात आले. भाषेच्या अंगभूत प्रोटोटाइपमध्ये आपली भर घालू नये, हा नियम जाणकार पाळतात तो यामुळेच.